पाऊस पूर्वेकडून येतो त्या गावात

आमच्या बंदरावर हवामानाचा निरोप अर्धाच ऐकतात. मच्छीमार सोसायटीच्या ग्रुपवर तो रोज येतो. आधी अरबी समुद्र, मग आपला किनारा, वारा कुठला, लाट केवढी, मच्छीमारांनी जावं की थांबावं. तेवढं ऐकलं की आम्ही बायका फोन पदराला पुसून ठेवून देतो. त्यापुढे बंगालच्या उपसागराचं असतं. ते दुसऱ्या बायकांसाठी. त्यांचे नवरे, त्यांच्या होड्या, त्यांची काळजी. आपल्याला आपली पुरते.

मला तर जरा जास्तच पुरते. नवरा तांडेल, बोट त्याच्या हाती. आणि मुलगी निकिता, एकुलती एक, गोंदियाला. मी सातवीत शाळा सोडली, कारण त्या वर्षी घरात मासळी सुकवायला हात कमी होते. ती मात्र शिकली. गोंदियाजवळच्या विमानतळावर, हवामानाच्या खोलीत, कंत्राटी नोकरी लागली तिला. बाहेर येऊन वारा बघायचा, ढग किती खाली आलेत ते बघायचं, लांबचं झाड दिसतं की नाही ते बघायचं आणि आत कळवायचं. नवरा म्हणाला, "आभाळ बघायचा पगार मिळतो? आपण जन्मभर फुकट बघितलं की!"

पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला. आमच्याकडे घाटात दरड आली होती, गाड्या बंद. मी चार भिंतींच्या आत नुसती फिरत होते. तिथे तिच्या घरमालकीण सयाबाई दवाखान्यात तिच्या उशाशी बसून राहिल्या, तिला आंबील पाजत राहिल्या. एकदा त्यांनीच फोन उचलला. मी रडायला लागले तर म्हणाल्या, "माय असून रडून कायले राहिली? मी हाव नं इथं." आणि फोन ठेवला.

तेव्हाच ठरवलं. या बाईपुढे जाऊन हात जोडायचे. कितीही लांब असो.

गोंदिया

दसरा झाला आणि मी निघाले. मुंबईच्या पलीकडे कधी गेले नव्हते. बरोबर सुके बोंबील, सोडे आणि जवळा, तीन पिशव्यांत घट्ट बांधलेला. घट्ट म्हणजे आमच्या नाकाला घट्ट. नागपूरच्या पुढे समोरच्या बाकावरच्या बाईंनी इकडेतिकडे वास घेत विचारलं, "दीदी, आपके सीट के नीचे कुछ मर गया है क्या?"

मी म्हटलं, "मरा है, पर सुखाया हुआ है."

डबा हसला. त्या बाई मात्र पदर नाकाला लावून वरच्या बाकावर गेल्या.

गोंदिया स्टेशनवर उतरले तर सगळीकडे हिंदी. चहावाल्याला भीत भीत विचारलं, हे महाराष्ट्रातच आहे ना? तो म्हणाला, "महाराष्ट्रच हाय माताजी. छत्तीसगड समोर हाय, थोडं थांबा." निकिता स्कूटरवर आली. गाल बसले होते, पण डोळे तेच. तिच्या पाठीला धरून बसले तशी माझी छाती जरा हलकी झाली.

आमगावच्या रस्त्याला लागलो आणि मी गोंधळले. आमच्याकडे एका बाजूला डोंगर, एका बाजूला दर्या. डोळे मिटून फिरवलं तरी दिशा कळते. इथे सगळं सपाट. पिवळं पडलेलं धान जिथवर नजर जाईल तिथवर, मध्ये मातीचे बांध, मध्येच एखादं तळं, त्यात शिंगाड्याचा वेल पसरलेला आणि छोट्या डोंग्यातून शिंगाडे काढणारी माणसं. आकाश एवढं मोठं की मला पदर डोक्यावरून घ्यावासा वाटला. त्या आकाशात एक लहानसं विमान, कुणीतरी शिकत असावं, वर चढून पुन्हा खाली येत होतं, पुन्हा चढत होतं.

"रोज असंच?" मी विचारलं.

"हवा चांगली असली की," निकिता म्हणाली.

सयाबाईंचं घर

सयाबाई उंच, काटक, कपाळावर मोठं कुंकू. दारातच उभ्या होत्या. मी गाडीत बसून काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. त्या म्हणाल्या, "आली का पोट्टीची माय? काऊन आली एवढ्या दूरून? पोट्टी तं बरी झाली. दुखण्यात यायचा होता नं."

माझं सगळं ठरवलेलं तसंच राहिलं. वाकून पायाला हात लावायला गेले तर पाय मागे घेतले. "पाय नोको धरू. शेन लागून हाय."

आत त्यांचे यजमान कवडूभाऊ सुंभ वळत बसले होते. त्यांना वास आधी पोचला. "मच्छी हाय बापा! सया, चूल पेटव लवकर."

"तुह्यासाठी नाही आनली."

"मंग का गाईसाठी आनली?"

मला वाटलं भांडण झालं. निकिता हळूच म्हणाली, "आई, हे भांडण नाही. हे इथलं बोलणं."

त्यांच्या बोलण्याला कान लागायला वेळ लागला. आपल्या 'ळ'चा तिथे 'र' होतो. आभाळ म्हणजे आबार, डोळा म्हणजे डोरा. पण स्वयंपाकघरात आम्हाला भाषा लागली नाही. मी जवळ्यात घालायला नारळ शोधत होते, तो घरात नव्हताच. सयाबाईंनी भेदरे पुढे केले, म्हणजे टोमॅटो, आणि आंबटाला वाळवलेल्या कैरीच्या फोडी. कोकमाशिवाय जवळा होतो हे मला पहिल्यांदा कळलं, आणि चांगला होतो हेही. भात मात्र दोन्हीकडचा एकच देव. सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात.

त्या दिवशीचा भात वेगळा होता. बारीक, मऊ, तोंडात टाकला की चावायच्या आधी गोड. मी दुसऱ्यांदा मागून घेतला.

"लुचई हाय, मागच्या सालची," सयाबाई म्हणाल्या. "माह्या सासूच्या सासूपासून घरी हाय. आता कोनी लावत नाही. सारे दुकानाचा बी लावतेत. मी एक बांधी लावतो, बियासाठी."

बांधी म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा. आजूबाजूच्या गावांतले दोघे-चौघे लुचईचं बी सयाबाईंकडूनच नेतात. यंदा पेरणीच्या वेळी त्यांनी घरातलं सगळं बी वाटलं, पण पावसाने ओढ दिली आणि इतरांची रोपं वाळून गेली. उरली ती तळ्याच्या पाण्यावर जगलेली सयाबाईंची एवढी एक बांधी. तिथलं धान भिजून त्याला कोंब आले, तर पुढच्या साली पेरायला लुचई कुठेही नाही.

हे त्यांनी भात वाढता वाढता सांगितलं, जसं कुणी सांगावं की उद्या दूधवाला येणार नाही.

बांधीवर

दुसऱ्या दिवशी सकाळी मीही विळा घेऊन निघाले. मला कोण नको म्हणणार? पाहुणी म्हणून नुसतं बसायची मला सवय नाही. बसले की काळजी चालू होते.

त्यांची रीत अशी की धान कापून लगेच उचलत नाहीत. मूठ मूठ करून शेतातच आडवं ठेवतात. त्याला कडपा म्हणतात. दोन-तीन उन्हं खाल्ली की भारे बांधायचे आणि मग रचून ठेवायचे. ते ऐकून मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं. आम्हीही तेच करतो की! उघड्यावर पसरायचं आणि आकाशावर भरवसा ठेवायचा.

इतर बांध्यांमधलं विकायचं धान कालच कापून पडलं होतं. आता लुचईची बांधी कापायची की उभी ठेवायची, यावर नवराबायकोचं एकमत होत नव्हतं. उभं धान पाऊस सोसतं. कापून आडवं पडलेलं सोसत नाही.

कवडूभाऊ फोन लांब धरून वाचत होते. "तुरळक ठिकाणी हलका पाऊस, सांगून राह्यले. आता तुरळक म्हंजे माह्या बांधीत का बाजूच्याच्या, ते कोन सांगल?"

"इचार नं मंग या बाईले," सयाबाई म्हणाल्या. "दर्यावरची हाय. यायचं सारं घर पान्यावरच चालते."

दोघं माझ्याकडे बघायला लागली. मी फोन काढला. ग्रुपवर निरोप आलेलाच होता. अरबी समुद्र शांत, आपल्या किनाऱ्याला इशारा नाही, मच्छीमारांनी जायला हरकत नाही. नवरा सुखरूप आहे असा त्याचा अर्थ. मी नेहमीसारखा फोन पदराला पुसून ठेवला. वर बघितलं. आमच्याकडे या दिवसांतला पाऊस दुपारनंतर डोंगरावरून उतरतो. आधी काळे ढग उभे चढतात, गडगडतं, तासभर झोडपतो आणि जातो. इथे ढगाचा एक उभा तुकडा नव्हता. चढायला डोंगरही नव्हता.

"नाही येत," मी म्हटलं. "इशारा नाही."

सयाबाईंनी विळा चालवला. आम्ही तिघं आणि कामाला आलेल्या दोघी बायका, दुपारच्या जेवणाआधी बांधी कापून मोकळी. कडपा ओळीने पडल्या होत्या, आमच्या वाळूवरच्या सुकत्या मासळीसारख्या चकाकत. मला फार बरं वाटलं. आपण काही उपयोगी पडलो असं वाटलं.

धावपट्टीच्या कुंपणाशी

जेवण झाल्यावर निकिताचा डबा घेऊन मी विमानतळाकडे निघाले. गावातले एक जण त्या बाजूला जात होते, त्यांच्या मोटारसायकलवर. आत सोडत नाहीत, म्हणून फाटकाशी थांबले. कुंपणापलीकडे गवत, त्यापलीकडे काळी सरळ धावपट्टी, आणि एका खांबावर केशरी-पांढऱ्या कापडाची लांब पिशवी. वाऱ्याची दिशा बघायला. आम्ही बोटीवर फडकं बांधतो, तेच मोठ्या थाटात.

पिशवीचं शेपूट पश्चिमेला होतं. म्हणजे वारा पूर्वेचा. सकाळी बांधीत मला तो लागला नव्हता.

आणि मग ती विमानं दिसली. काल आभाळात दिसलं तसली, लहान लहान. दोन माणसं त्यांच्या पंखांना दोर लावून जमिनीतल्या कड्यांना आवळून बांधत होती. बंदरात बोटी बांधतात तशी. मी ते काम आयुष्यभर बघितलंय. बोटी कधी बांधतात ते मला माहीत आहे. वारा उठायच्या आधी.

निकिता फाटकाशी आली.

"ती विमानं कशाला बांधतायत?" मी डबा द्यायचा विसरून विचारलं.

"उद्या उडणार नाहीत. आई, सकाळचा निरोप ऐकलास ना?"

"ऐकला. इशारा नाही."

"कुठे नाही?"

"आपल्या किनाऱ्याला."

"आणि पुढचं?"

मी पदराआडचा फोन चाचपला. तिला कळलं. तीही त्याच बंदरावर वाढली आहे.

"उपसागरात कमी दाबाचा पट्टा आहे," ती म्हणाली. "ओडिशावरून छत्तीसगड, मग आपण. इथला पाऊस तिकडून येतो, आई. गडगडणार नाही, काळे ढग चढणार नाहीत. नुसता पांढरा पडदा येईल आणि लागून राहील. उद्या दुपारपासून. मी आत्ता सयामावशींना फोन करणारच होते, कापू नका म्हणून."

"कापलं," मी म्हटलं.

परत येताना पूर्वेकडे बघत होते. काही नव्हतं. आमच्याकडे संकट दिसतं तरी.

सयाबाई अंगणात शेणी थापत होत्या. मी सगळं सांगितलं. निरोप अर्धाच ऐकला तेही. सांगताना माझे डोळे भरून आले. ज्या बाईने माझी पोर वाचवली, तिच्या घरातलं पिढ्यांचं बी मी एका वाक्यात जमिनीवर पाडलं होतं.

त्यांनी शेणाचा हात झटकला. "पानी उद्या हाय नं? आज तं नाही? मंग आज कायले रडतेस? रडल्यानं धान वारत नाही."

कवडूभाऊ ट्रॅक्टरवाल्याला फोन लावत होते. तो म्हणाला, आख्खा गाव विचारतोय, नंबर लावा. मजुरांचंही तेच. निरोप सगळ्यांकडे पोचला होता.

मी मनाशी म्हटलं, आता रडायचं नाही. डोक्यावर पाटी घेऊन मी बाजार केलेत. भारे वाहीन.

ताडपत्री

संध्याकाळी सयाबाई-कवडूभाऊ विकायच्या धानाकडे गेले आणि मी एकटीच लुचईच्या बांधीवर. तिथे निळी ताडपत्री पडली होती. मला वाटलं, दव पडेल, चार कडपा तरी कोरड्या राहतील. म्हणून एका कोपऱ्यातल्या कडपा गोळा केल्या, ढीग केला, वरून ताडपत्री घट्ट आवळली आणि कडेने मातीची ढेकळं ठेवली. अर्धवट सुकलेली मासळी आम्ही अशीच झाकतो. मीठ लावलेली असते, तिला काही होत नाही.

सकाळी सयाबाईंनी ताडपत्री उचलली तर आतून वाफ आली. हात घातला, कोमट.

"अव बाई!" त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की बाजूच्या बांधीतल्या बायका उभ्या राहिल्या. "हे धान हाय, मच्छी नाही! ओलं कोंडलं तं आंबते. त्याले हवा लागते हवा! दर्यावर हवा नाही का तुमच्या?"

बाजूच्या बायका हसल्या. मीही हसले असते, पण हिंमत झाली नाही. त्या मुठी त्यांनी वेगळ्या काढून बांधावर पसरल्या आणि म्हणाल्या, "आता माह्या मांगं मांगं कर. आपल्या मनानं काहीच नोको करू."

सूर्य वर आला होता, पण ताकात पडल्यासारखा. आकाशाला कडा नव्हती. पूर्वेचा वारा गार लागत होता. कवडूभाऊंनी एकदा विकायच्या धानाकडे बघितलं. तिकडे लुचईच्या कितीतरी पट कडपा पडून होत्या.

"आधी हे का ते?" त्यांनी विचारलं.

"बी आन आधी," सयाबाई म्हणाल्या. "तो विकाचा हाय, पडू दे."

"वर्षाचं खानं हाय त्यात, सया."

"खानं कोठूनही आनता येते. हे कोठून आनशील?"

कवडूभाऊ लुचईकडे वळले. भारे बांधायला बसले.

इथली रीत धान शेताजवळच रचून ठेवायची. पण आमचं धान एका उन्हाचंच, अजून ओलसर. रचलं तर आतून तापणार, माझ्या ताडपत्रीसारखंच. म्हणून घरी न्यायचं ठरलं. कवडूभाऊ बांधत होते, आम्ही दोघी डोक्यावर घेऊन चालत होतो. बांध वीतभर रुंद, वरून भुसभुशीत. पाटीचं वजन खाली दाबतं, भाऱ्याचं वजन दोन्ही बाजूंनी झुलतं, हे मला पहिल्या खेपेला कळलं. एका वळणावर पाय घसरला आणि मी भाऱ्यासकट बाजूच्या चिखलात बसले. भारा मात्र दोन्ही हातांनी वर धरलेला.

"दर्यात नाही बुडली, बांधीत बुडली!" कवडूभाऊ लांबून ओरडले.

"भारा कोरडा हाय का?" सयाबाईंनी विचारलं.

"कोरडा आहे!"

"मंग उठ."

मी उठले. किती खेपा झाल्या ते मोजलं नाही. मान आखडली, पाठीत कळ येत होती, पण मनातली ती नेहमीची भुणभुण बंद होती. बोटीचं काय झालं असेल, पोरीचं काय होईल, काही नाही. पुढचा बांध, पुढचं पाऊल.

पाऊस आला तेव्हा मला आधी कळलाच नाही. आवाज नव्हता. हाताच्या लवेवर बारीक थेंब दिसले. मी वर बघितलं, सगळं पांढरं. सयाबाई म्हणाल्या, "आला." शेवटच्या खेपेला त्यांनी भाऱ्यावर आपला पदर टाकला, मी माझा. दोघी उघड्या डोक्याने भिजत घरी आलो. मागे विकायच्या कडपा तशाच शेतात होत्या.

सपरी

घराच्या पुढच्या पडवीला सपरी म्हणतात. ती भाऱ्यांनी भरून गेली. आता खरा प्रश्न. बाहेर पाऊस लागून राहिलेला, आत ओलसर धानाचा ढीग. सयाबाई सारख्या आत हात घालून बघत होत्या. "तापून राह्यला," त्या म्हणाल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आलेला मी ऐकला.

पसरायला जागा नव्हती. मी सपरीच्या लाकडी खांबांकडे बघत होते. बोलू की नको. आपल्या मनाने काही करू नको, असं त्यांनी बजावलं होतं. शेवटी म्हटलं, "ताई, आमच्याकडे बोंबील पसरत नाहीत. टांगतात."

"कसे?"

"बांबूवर दोर ओढतो आणि दोन दोन बोंबील एकमेकांच्या तोंडात अडकवून दोरावर टाकतो. खालून-वरून वारा. भारे सोडून लहान जुड्या केल्या, दोन दोन एकत्र बांधून दोरावर टाकल्या, लोंब्या खाली..."

सयाबाईंनी वर खांबांकडे बघितलं. कवडूभाऊ उठले आणि गोठ्यातून दोर घेऊन आले. तेवढ्यात निकिता भिजून आली, विमानं बंद म्हणून लवकर सुटलेली. ती आणि मी खांबाखांबांना दोर आवळायला लागलो. कपडे वाळवायची दोरी, गाईचं दावं, जुन्या साडीच्या पट्ट्या. लहानपणी वाळवणावर ती माझ्याबरोबर असायची. तिचे हात अजून विसरले नव्हते. सयाबाई जुड्या बांधून देत होत्या, आम्ही टांगत होतो. निकिताने तिच्या खोलीतला टेबलफॅन आणून खाली ठेवला.

सगळं झाल्यावर सयाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माह्या घराचा पुरा मच्छीबजार करून टाकला या मायलेकींनी."

"वास तेवढा चांगला हाय," कवडूभाऊ म्हणाले.

पाऊस लागून राहिला. वीज जायची, फॅन थांबायचा, मग आम्ही सुपांनी वारा घालायचो. आली की पुन्हा फॅन. सयाबाई लोंब्या उलटसुलट करत फिरायच्या. जेवताना आमच्या डोक्यावर धान लोंबकळायचं, भातात दाणा पडायचा. खेपेवरून घरी आलेल्या नवऱ्याचा फोन आला. म्हणाला, इकडे कडक ऊन आहे, बोंबील एका दिवसात वाळतायत. मला पहिल्यांदा वाटलं, आमचं आकाश किती लहान तुकडा आहे.

मी फक्त एवढंच म्हटलं, "इथे पडतोय."

"तिकडे कशाला पडेल आता?" तो म्हणाला. त्यानेही निरोप अर्धाच ऐकला होता.

ऊन

पाऊस जसा आला तसाच गेला, न सांगता. सकाळी उठले तर अंगणात सावली पडली होती. वर एक लहान विमान घरघरत चढत होतं.

आधी आम्ही शेतात गेलो. विकायचं धान पाण्यात होतं. कवडूभाऊंनी एक कडपा उचलून उलटी केली. खालच्या लोंब्यांना पांढरे बारीक कोंब फुटले होते. ते ती बांधावर ठेवून दुसरी उचलायला लागले. काही वाचेल, म्हणाले, काही गाईला. मी त्यांच्यामागे उलटत गेले.

घरी सयाबाईंनी दोरावरची एक जुडी काढली. लोंबी तळहातावर चोळली, फुंकर मारली, एक दाणा दाताखाली धरला. कट् असा आवाज आला. दुसऱ्या दोरावरची बघितली. तिसऱ्या. मग ताडपत्रीखाली तापलेल्या त्या मुठी. त्यांचा दाणा चावला, आणि थुंकला. "हे बी नाही. हे खाऊन टाकू."

"आणि बाकीचं?"

"दातानं कळते तेवढं बरं हाय. उगवला तं खरं."

मला निघायचं होतं. दिवाळी तोंडावर, नवऱ्याची बोट पुन्हा किनाऱ्याला लागणार. निघताना मी पुन्हा हात जोडले आणि गाडीत ठरवलेलं ते सगळं बोलायला तोंड उघडलं. सयाबाईंनी एक पिशवी हातात कोंबली. तापलेल्या मुठींचा तांदूळ, उखळात कांडून दिलेला.

"तुह्या हातचं आंबलेलं हाय. तूच खा."

कवडूभाऊ खो खो हसले. सयाबाई नाही हसल्या. पण स्कूटर सुरू झाल्यावर पुढे आल्या आणि माझ्या मानेच्या मागच्या बाजूला, जिथे भाऱ्याने सोललं होतं, तिथे खोबरेल तेलाचं बोट लावलं. माझ्या सगळ्या बोलण्याचं तिथेच पाणी झालं.

घरी येऊन कितीतरी दिवस गेले. दिवाळी झाली. तो तांदूळ किंचित आंबूस लागतो, आम्ही खातो. मग एका दुपारी, मी वाळवणावर असताना, निकिताचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी तिचा अंगठा, मग सयाबाईंचा हात, आणि हातात ओल्या फडक्याची पुरचुंडी. लुचईचे दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले होते, उगवतात का बघायला.

"दिसून राह्यलं का?" सयाबाईंचा आवाज.

"दिसतंय."

त्यांनी फडक्याची एक घडी सोडली. मग दुसरी. शेतात त्या पांढऱ्या कोंबांना बघून मला रडू फुटलं असतं, आणि आता मी तेच दिसावेत म्हणून पडद्यावर वाकले होते. काही दाणे तसेच पडून होते, मुके. पण त्यांच्या आजूबाजूला, मध्ये, कडेला, बारीक पांढरे कोंब. जवळजवळ सगळ्या फडक्यावर.

"ताई, उगवलं!"

"ओरडू नोको. सारा नाही उगवला."

"पण पुरेल?"

सयाबाईंनी फडकं डोळ्यांजवळ नेलं. बोटाने कोंब बाजूला करत करत बघत राहिल्या, सावकाश, जणू फोनवर कुणी नाहीच.

"माह्या बांधीले पुरल," त्या म्हणाल्या. "आन एकाले द्याले उरल. ठेव आता, मले बियाची कोठी सारवायची हाय."

आणि फोन बंद झाला.